इवल्या सैन्यांचा ताळेबंद

२०२४ च्या डिसेंबरात लंडनच्या शेअरबाजारातील सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात 'गेम्स वर्कशॉप' या कंपनीचा समावेश झाला. बँका, तेलकंपन्या आणि औषधकंपन्या यांच्या पंक्तीला बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक विकणारी कंपनी येऊन बसली, याचे अनेकांना नवल वाटले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात याच धंद्यात घडलेली दुसरी घटना मात्र खेळाडूंच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाच्या कानी गेली नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील 'प्रायव्हेटियर प्रेस' या लहान प्रकाशनसंस्थेने २००३ पासून चालविलेला, तिची ओळखच बनून गेलेला 'वॉरमशीन' हा खेळ इंग्लंडमधील 'स्टीमफोर्ज्ड गेम्स' या कंपनीस विकून टाकला. पहिल्या घटनेवरून साऱ्या धंद्याला बरकत आली आहे असे अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, हे दुसरीवरून ध्यानात यावे.

दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडण्याची हौस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या खेळाचे स्वरूप समजण्यास अडचण पडू नये. फरक इतकाच, की येथे दोन खेळाडू आपापले सैन्य टेबलावर मांडतात, मोजपट्टीने अंतर मोजून ते हलवितात आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावतात. हे सारे एका जाडजूड नियमग्रंथाच्या आधारे चालते. सैनिक सुटे विकत आणावयाचे, जोडावयाचे, रंगवावयाचे, हाही खेळाचाच भाग. अर्थात या खेळाचा प्रकाशक एकाच वेळी ग्रंथप्रकाशकही असतो आणि कारखानदारही, आणि त्याचे दुखणे येथूनच सुरू होते.

धातूचा सैनिक रबरी साच्यात ओतता येतो. साचा स्वस्त, परंतु प्रत्येक नगास धातू आणि मजुरी लागते. प्लॅस्टिकचे गणित नेमके उलटे आहे. त्यासाठी पोलादाचा साचा कोरावा लागतो, त्याचा खर्च प्रचंड. पण एकदा तो झाला की पुढचा प्रत्येक नग जवळजवळ फुकट पडतो. ज्याचा खप लाखांत आहे त्याला हा व्यवहार सोन्याचा, ज्याचा खप दोन-तीन हजारांत आहे त्याच्या गळ्यात मात्र तोच साचा धोंड होऊन बसतो. शिवाय खेळात एकच सैन्य असून भागत नाही. पाच-सहा सैन्ये, प्रत्येकाचे दहा-वीस प्रकार, आणि यांतले बरेचसे प्रकार एका गिऱ्हाइकाला आयुष्यात एकदाच घ्यावयाचे! दुकानदाराने हे सगळे खोके फळीवर ठेवावेत अशी प्रकाशकाची अपेक्षा असते. दुकानदाराच्या भाड्याचा विचार तो क्वचितच करतो.

या कोंडीतून लहान प्रकाशकास सोडविणारा मार्ग म्हणून २००९ मध्ये सुरू झालेल्या 'किकस्टार्टर'सारख्या लोकवर्गणीच्या व्यवस्थेकडे पाहिले गेले. कल्पना मराठी वाचकास परकी नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथ नोंदविण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, आणि नोंदविलेल्या ग्रंथाची वाट पाहण्याचा अनुभवही. परंतु रोजकीर्दीत जमा दिसणारी ही रक्कम खतावणीत देणे म्हणून चढते, हे साधे तत्त्व उत्साहाच्या भरात विसरले जाते. वर्गणीचा आकडा जितका फुगेल तितके ऋण वाढत असते, आणि बाहेरचे जग मात्र त्यालाच प्रकृतीचे लक्षण समजते.

मिशिगनमधील 'पॅलेडियम बुक्स' या जुन्या, लहान प्रकाशनसंस्थेचे उदाहरण या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. 'रोबोटेक' या दूरचित्रवाणी मालिकेवरील तिचा भूमिकाखेळ प्रथम १९८६ मध्ये निघाला होता. २०१३ मध्ये त्याच कथाविश्वावर सैनिकप्रतिमांचा खेळ काढण्यासाठी संस्थेने ७० हजार डॉलरांची वर्गणी मागितली. पाच हजारांवर लोकांनी मिळून १४ लाख ४० हजार डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. आकडा चढत गेला तसतशी आश्वासनेही चढत गेली. इतकी रक्कम जमली की हे यंत्र जादा, तितकी जमली की ते यंत्र जादा. त्या वर्षाच्या डिसेंबरात माल देण्याचे वचन होते. पहिला हप्ता रवाना होऊ लागावयास पुढच्या वर्षाची अखेर उजाडली. हाती आलेल्या यंत्रमानवांचे तुकडे इतके बारीक आणि इतके अनेक होते, की जोडणारा मेटाकुटीस यावा. दुसरा हप्ता निघालाच नाही. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर संस्थेने तो रद्द झाल्याचे जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात 'रोबोटेक'चा परवानाही संपला.

येथे लबाडी शोधण्याचे कारण नाही. ग्रंथ छापण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी साच्यांचा हिशेब ग्रंथाच्या मापाने केला, आणि मुळात ७० हजारांच्या बेताने आखलेल्या कामावर वीसपट ओझे घेतले. पॅलेडियम या आघातातून वाचली, ती बहुधा तिच्या जुन्या ग्रंथांच्या खपामुळे. पुस्तकांना पोलादी साचा लागत नाही.

इंग्लंडमधील 'स्पार्टन गेम्स'च्या नशिबी तेवढेही नव्हते. 'फायरस्टॉर्म आर्माडा', 'डिस्टोपियन वॉर्स', पुढे 'हेलो' या प्रसिद्ध व्हिडिओ खेळाच्या परवान्यावरील आरमारी युद्धखेळ, असे एकामागून एक खेळ या संस्थेने काढले. प्रत्येक नव्या खेळाने नवी साचेखर्ची मागितली आणि आधीच्या खेळाच्या खेळाडूंना ताटकळत ठेवले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये संस्थेने व्यवहार बंद केला, तोवर बाहेरून पाहणाऱ्यास तिच्या घोषणांची रेलचेलच दिसत होती.

यात भर पडते ती दूरच्या कारखान्याची. अनेक लहान प्रकाशकांचा प्लॅस्टिकचा माल चीनमधून येतो. गिऱ्हाइकाकडून घेतलेली किंमत आज ठरते, माल वर्ष-दीड वर्षाने जहाजात चढतो. मधल्या काळात भाडे वाढले तर ते कोणी भरावे? २०२२ मध्ये लक्झेंबर्गच्या 'मिथिक गेम्स'ने आधीच पैसे भरलेल्या वर्गणीदारांपुढे पुन्हा हात पसरला, तेव्हा संताप उसळणे साहजिक होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरील आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत चढविले. मे महिन्यात ते बरेच उतरले खरे, परंतु तेवढ्या अवधीत हाँगकाँगच्या शेअरबाजारात नोंदलेल्या 'सीमॉन'सारख्या कंपनीनेही नव्या खेळांचे काम आणि नवी वर्गणी थांबविल्याचे जाहीर केले. ज्यांची मूठ त्याहून लहान त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना केलेली बरी.

मग अशा संस्थेची प्रकृती पाहावी कशात? वर्गणीच्या आकड्यात नव्हे, तर तीन वर्षांपूर्वी काढलेला खोका आजही दर महिन्यास किती जातो यात. आणि त्याहून अधिक, गावातल्या दुकानी शनिवारी संध्याकाळी गेलेल्या खेळाडूस प्रतिस्पर्धी मिळतो की नाही यात. बुद्धिबळाचा पट एकाने घेतला तरी दोघांस पुरतो; येथे दोघांनीही आपापले सैन्य विकत घेऊन, रंगवून आणलेले असावे लागते. एक खेळाडू कंटाळून गेला की दुसऱ्याचे सैन्यही कपाटात जाते, आणि हे नुकसान कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. प्रायव्हेटियरने 'वॉरमशीन'ची तिसरी नियमावली २०१६ मध्ये आणली. लगेच पुढच्या वर्षी दुकानोदुकानी नवख्यांना खेळ शिकविणाऱ्या स्वयंसेवकांची आपली जुनी संघटना तिने विसर्जित केली. खेळाच्या उतरणीचे हेच एकमेव कारण म्हणता येणार नाही. नियम बदलण्याची घाई, दुकानदारांची नाराजी, गेम्स वर्कशॉपने त्याच सुमारास घेतलेली उसळी, हेही होतेच. तथापि पगार न घेता प्रतिस्पर्धी तयार करणारी माणसे गेली, त्यांची जागा जाहिरातीने भरून निघाली नाही. २०२२ ची चौथी नियमावलीही हा ओघ परतवू शकली नाही, आणि दोन वर्षांत खेळ विकला गेला.

स्पार्टनच्या खेळांचे हक्क, ती संस्था बंद पडल्यावर महिनाभरातच, एसेक्समधील 'वेलँड गेम्स'ने घेतले. 'डिस्टोपियन वॉर्स'ची जहाजे आज तिच्याच 'वॉरक्रेडल' शाखेतर्फे नव्या साच्यांतून निघत आहेत. जुनी जहाजे ज्यांनी कपाटात जपून ठेविली होती, त्यांपैकी काहींना पुन्हा प्रतिस्पर्धी मिळू लागला आहे.