नदीकाठची फाईल आधी गावाने वाचावी

किनारपट्टीचा विषय निघाला की आपल्यातील बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: आमचे घर डिचोलीला, फोंड्याला, पेडण्याच्या आतल्या गावात, आमचा समुद्राशी काय संबंध? सीआरझेड म्हणजे कळंगुट-बागाची भानगड, हॉटेलवाल्यांनी आणि शॅकवाल्यांनी निस्तरावी. ही समजूत चुकीची आहे आणि ती आपल्याला महागात पडणार आहे, म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

१९ फेब्रुवारी १९९१ रोजी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली किनारी नियमन अधिसूचना निघाली. त्याआधी १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. हा कायदा पुळणीवर संपत नाही. ज्या नद्यांत आणि खाड्यांत भरतीचे पाणी चढते, त्यांचे काठही त्यात येतात. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील खारेपणा दर हजारी ५ भागांपर्यंत जिथवर आढळतो, तिथवर ही हद्द जाते. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्यांतून खारे पाणी कित्येक किलोमीटर आत येते. म्हणजे ज्यांच्या वडिलोपार्जित कुळागराच्या टोकाला नदी लागते, ज्यांचे खाजन बांधाला लागून आहे, ते सारे या कायद्याच्या कक्षेत आहेत. आपली जुनी घराणी वसली आहेत ती बहुतांशी अशाच गावांत.

आता या पट्ट्यात काय बदलले ते पाहू. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी होत्या. खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्यांत विकासकामे होऊ देऊ नयेत, वाळूच्या टेकड्यांना हात लावू नये, मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे जपावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. नदीकाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते धरले जाई. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने हे १०० मीटर ५० वर आणले. समुद्राकाठच्या ग्रामीण भागात २०० मीटरचा ना-विकास पट्टा होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती आहे, तिथे तोही ५० मीटर झाला. एखाद्या राज्यात ही नवी अधिसूचना लागू होते ती तिच्यानुसार केलेला किनारी आराखडा मंजूर झाल्यावर. म्हणूनच आराखड्याच्या नकाशावर आपला बांध, मानस, मिठागर आणि खारफुटी दाखवली आहे की नाही, याला एवढे महत्त्व आहे. नकाशावर जे नाही, ते फाईल तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी जागेवरही नाही.

आराखड्याचा आजवरचा अनुभव फारसा चांगला नाही. २०११ च्या अधिसूचनेनुसार करायचा गोव्याचा आराखडा केंद्राने मंजूर केला सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ११ वर्षांनी. मार्च २०२१ मधली त्याची जनसुनावणी लोकांच्या तक्रारींमुळे गाजली आणि जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. दोन्ही वेळा लोक मोठ्या संख्येने आले, ही समाधानाची बाब. पण अशा सुनावणीचे नकाशे आणि सूची इंग्रजीत, तांत्रिक भाषेत असतात. साठीच्या गावकऱ्याने त्यात आपला बांध शोधायचा कसा? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. तो हक्क सत्कार समारंभातील भाषणांपुरता राहू नये. किनारी आराखडा आणि त्याच्या नोटिसा मराठीत आणि कोकणीत मिळाव्यात, ही मागणी आपण केली पाहिजे. भाषेच्या चळवळीत उमेद घालवलेल्या पिढीला याहून उपयोगी काम सुचवता येणार नाही.

छाननी वेळेत झाली नाही तर काय होते, याचे उदाहरण केरळात आहे. कोचीजवळच्या मरडू येथे २००६ साली त्या वेळच्या पंचायतीने खाडीकाठच्या इमारतींना परवाने दिले. राज्याच्या किनारी प्राधिकरणाची मंजुरी घेतलेली नव्हती. पुढे नोटिसा निघाल्या, प्रकरण न्यायालयात गेले, मध्यंतरी मजले चढत राहिले आणि कुटुंबे राहायलाही आली. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आली. फ्लॅटधारकांना तूर्त २५ लाखांपर्यंत भरपाई मिळाली. पण ज्यांनी निवृत्तीचे पैसे त्यात घातले होते, त्यांची घडी मोडली ती मोडलीच. २००६ साली एका टेबलावर एक कागद मागितला गेला असता तर हे सारे टळले असते.

आपल्याकडचे उदाहरण याहून ताजे आणि दुःखाचे आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाईट क्लबला आग लागून २५ जणांचा जीव गेला. ते बांधकाम मिठागराच्या जागेत असल्याच्या तक्रारी आधीपासून होत्या, पंचायतीने पाडण्याची नोटीस काढली होती आणि तिला वरून स्थगिती मिळाली होती, हे नंतर सर्वांना कळले. आग कशी लागली हा वेगळा प्रश्न. ते बांधकाम तिथे उभे कसे राहिले, हा आपला प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप येईल: छाननी गावाकडे दिली तर पंच तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही ग्रामसभा म्हणतो आहोत, पंचायत मंडळ नव्हे. पाच-सात पंचांना गाठणे सोपे असते, दीडशे माणसांच्या सभेत नकाशा भिंतीवर लावला तर ते कठीण होते. शिवाय खाजनात मातीचा भराव पडला की पाणी कोणाच्या शेतात शिरेल आणि कोणाची विहीर खारी होईल, हे पणजीतल्या अधिकाऱ्याआधी शेजारच्या कुळाला कळते. बांध आणि मानस शतकानुशतके राखले ते गावकरीने. हे ज्ञान फाईलमध्ये यायला हवे.

लोकांनी मनावर घेतले की सरकार ऐकते, हे गोव्याने पाहिले आहे. जानेवारी २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ सरकारला मागे घ्यावा लागला. नंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावोगावी समित्या बसल्या. २००९ साली वायंगिणी किनाऱ्याच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट मोकळी करायला लावली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखालचे जमीन-बदलाचे नियम रद्द केले. पण प्रत्येक वेळी न्यायालयात जाणे सामान्य माणसाला परवडत नाही. आणि लेखी हरकत आधी नोंदवलेली नसेल तर न्यायालयातही हात बांधले जातात.

आता थोडे आपल्या घरात पाहू. नदीकाठच्या जमिनी विकतो कोण? मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात भाव कुठे गेले, हे सांगायला नको. एका मालमत्तेचे वीस वारस, निम्मे मुंबई-पुण्यात, बांध दुरुस्त करायला कोणी नाही, आणि गिऱ्हाईक रोख घेऊन दारात उभे. विकू नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. ज्याचे त्याचे संसार आहेत. पण सही करण्यापूर्वी ती जमीन आराखड्यात कोणत्या वर्गात आहे, खाजन म्हणून नोंद आहे का, एवढे तरी पाहा. घेणाऱ्यांनाही हेच सांगणे. बँकेचे कर्ज मंजूर झाले म्हणजे सगळे शुद्ध, ही समजूत आम्ही रोज काउंटरवर ऐकतो. बँकेचा वकील मालकी आणि बोजा तपासतो. भरतीरेषा मोजायला तो जात नाही.

आमच्या मागण्या चार आहेत. एक, नदीकाठच्या आणि किनाऱ्याच्या प्रत्येक प्रकल्पाचा नकाशा परवान्याआधी ग्रामसभेपुढे ठेवावा. दोन, किनारी प्राधिकरणाचे निर्णय आणि अर्ज मराठी-कोकणीत पंचायतीच्या फलकावर लावावेत. तीन, जागेच्या पाहणीला गावकरी, कूळ संघटना आणि मच्छीमार यांचा प्रतिनिधी सोबत असावा. चार, पाडण्याच्या नोटिसीला स्थगिती देताना कारण लेखी द्यावे आणि मुदत घालावी.

सभासदांनी करायचे ते असे. येत्या ग्रामसभेला घरटी एक माणूस तरी जावा. जुना सर्व्हे नकाशा, एक-चौदाचा उतारा आणि १९९१ पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या एका फाईलमध्ये लावून ठेवाव्यात. जुने घर कायदेशीर ठरवायला उद्या त्याच लागतील. हरकत अर्जाचा मराठी नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवण्याची व्यवस्था करत आहोत. अर्ज भरा, आवक शिक्का घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.