लुनाला पायडल होतं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. एक तर ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यात थेंब घालायच्या वेळा सांभाळण्यात दिवस गेले. दुसरं म्हणजे मला राग आला होता आणि तो निवायची वाट बघत होते. शाळेत असताना माझा नियम होता, रागात असताना वह्या तपासायच्या नाहीत. लाल शाई उगाच जास्त खर्च होते. आता दीड महिना उलटून गेला, राग काही निवला नाही. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

रागाचं कारण एक कागद. गाडीच्या वर्कशॉपमध्ये मिळालेला. त्यावर इंग्रजीत दोन वाक्यं आहेत, त्यांचा मराठीत अर्थ असा: दोष आढळला नाही. ग्राहकास वापर समजावून सांगितला.

ग्राहक म्हणजे मी. वय वर्षं ७४. ३४ वर्षं दुसऱ्यांना समजावून सांगण्यात घालवलेली.

तर झालं असं. ह्यांचं ऑपरेशन कर्वे रस्त्यापासून आत असलेल्या एका रुग्णालयात होतं. दुपारी सोडलं. डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी, हातात औषधांची पिशवी आणि थेंबांचा तक्ता, अशा थाटात आम्ही तळघरातल्या पार्किंगमध्ये आलो. तिथे गाड्या एकीमागे एक लावतात, हे पुणेकरांना सांगायला नको. आमची गाडी पुढे, तिच्यामागे दुसरी अडकलेली. त्या गाडीचे लोकही त्यांच्या पेशंटला घेऊन आलेले, बाई व्हीलचेअरवर.

आमची गाडी चिरंजिवांनी घेऊन दिलेली. ऑटोमॅटिक, आणि किल्ली न फिरवता बटनानं सुरू होणारी. किल्ली पर्समध्येच ठेवायची, ब्रेकवर पाय ठेवायचा, बटन दाबायचं. मी पाय ठेवला, बटन दाबलं. समोर सगळे दिवे लागले, इंजिन मात्र ढिम्म. काचेवर इंग्रजीत सूचना आली, सुरू करण्यासाठी ब्रेक दाबा. अहो, दाबलाय! पुन्हा दाबला. पुन्हा तीच सूचना. गिअरचा दांडा 'पी'वर होता, तोही हलेना.

मग जे होतं ते झालं. वॉचमन आला. "मॅडम, ब्रेक दाबा, ब्रेक." मागच्या गाडीतला तरुण आला. "आजी, ब्रेकवर पाय आहे ना? का रेसवर?" मला उतरवून तो स्वतः बसला. त्याच्यानंही होईना. तेव्हा मात्र त्याचा पाय कुठे आहे हे कोणी विचारलं नाही. "बॅटरी गेली असणार," असं ठरलं. दिवे लख्ख लागलेले असताना!

मोबाईलला तळघरात रेंज नाही. वर जाऊन कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन केला. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन. पुण्यात उभी राहून मी दोन दाबलं. माणूस पोचायला दीड तास लागेल म्हणाले. इकडे व्हीलचेअरवरच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. बोलत काही नव्हत्या, त्याचंच जास्त वाटलं.

शेवटी सोडवलं ते कोपऱ्यात डबा खात बसलेल्या एका ड्रायव्हरनं. हात धुऊन आला, गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकू, आता दाबा ब्रेक. सोडा. परत दाबा." मग उठून म्हणाला, "मागचे लाल दिवे लागत नाहीत. तुम्ही दाबताय, पण गाडीला ते कळतच नाहीये. ब्रेकचा स्विच गेला असेल."

बघा, किती साधं! ब्रेकच्या पेडलच्या वरच्या टोकाशी अंगठ्याएवढा एक स्विच असतो. पाय दाबला की तो गाडीला कळवतो, दाबला. त्याच खबरीवर मागचे दिवे लागतात, त्यावरच बटन इंजिन सुरू करू देतं आणि त्यावरच दांडा 'पी'मधून सुटतो. खबऱ्या गप्प बसला की तिन्ही कामं बंद. त्यानं माझ्या किल्लीच्या डबीतून एक छोटी लोखंडी किल्ली काढली (ती तिथे आहे हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं!), हँडब्रेक ओढला, दांड्याशेजारचं नखाएवढं झाकण उचकटलं, आत किल्लीचं टोक दाबलं आणि दांडा 'एन'वर आणला. मग हँडब्रेक सोडून चौघांनी गाडी ढकलत बाजूला नेली. मागची गाडी निघाली. आम्ही रिक्षानं घरी आलो.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, त्यानं बटन दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! स्विच जाऊन-येऊन होता ना. वर्कशॉपमध्ये मी सांगितलं, मागचे दिवे लागत नव्हते. काउंटरवरचा मुलगा गोड हसला. "मॅडम, आत्ता लागतायत बघा." आणि मग तो कागद.

रात्री चिरंजिवांचा न्यू जर्सीहून फोन. "आई, आता पुरे. ड्रायव्हर ठेवूया." सूनबाई मागून म्हणाल्या, "आईंच्या पायात पूर्वीसारखी ताकद नसेल." मायेनं म्हणाल्या, मला माहीत आहे. पण मंडळी, खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आठ दिवस मी गाडीत बसले की आधी स्वतःच्या पायाकडे बघत होते. पन्नाशीनंतर दर वेळी लायसन्सची मुदत वाढवताना डॉक्टरांचा दाखला दिलाय, आता तर दर पाच वर्षांनी द्यावा लागतो. आणि एका स्विचनं मला म्हातारं ठरवलं!

नवव्या दिवशी पौड रस्त्यावर सिग्नलला थांबले तर मागून कर्रकन आवाज. स्कूटरवरची मुलगी माझ्या बंपरपासून वीतभर अंतरावर. पुढे येऊन ओरडली, "काकू, ब्रेक लाईट लागत नाहीत तुमचे!" तिला काय वाटलं असेल कोण जाणे, पण मी तिला दोन वेळा थँक्यू म्हटलं. घरी येऊन अंधारात गाडीची पाठ कंपाउंडच्या भिंतीकडे केली आणि आरशात बघत ब्रेक दाबला. दहा वेळा दाबला, सहा वेळा भिंत लाल झाली, चार वेळा नाही. शेजारच्या मुलाकडून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून घेतला. वर्कशॉपमध्ये गेले, एक शब्द न बोलता तो दाखवला. अर्ध्या तासात स्विच बदलून मिळाला. बिल आमच्या महिन्याच्या दुधापेक्षा कमी. मी म्हटलं, आता तो पहिला कागद दुरुस्त करा. उत्तर मिळालं, "मॅडम, ते सिस्टिममध्ये क्लोज झालंय."

म्हणजे आठ दिवस मी पुण्याच्या रहदारीत मागच्या माणसाला न सांगता ब्रेक मारत होते, आणि कागदावर मात्र शिकवायची गरज मला होती.

आता माझं म्हणणं मांडते. आधीच सांगते, 'जुनं ते सोनं'वाली मी नाही. आमच्या मामांच्या मनगटावर मोटारीच्या हँडलचा उलटा फटका बसला होता, तो हात नंतर कधी सरळ झाला नाही. १९१२ साली कॅडिलॅकनं विजेवर सुरू होणारी गाडी आणली, त्याबद्दल असंख्य मनगटांनी दुवाच दिला असेल. दांड्याच्या कुलपाशीही माझं वैर नाही. पाय ब्रेकवर नसताना गिअर पडू नये म्हणून ते आहे. घरातलं पोर गाडीत चढून दांडा ओढतं आणि गाडी घरंगळते, असे अपघात झाले म्हणून अमेरिकेत सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते कायद्यानं सक्तीचं झालं. योग्यच आहे. यंत्रानं 'नाही' म्हणावं, जरूर म्हणावं. पण का नाही, ते सांगावं. आणि मग काय करायचं, ते गाडी देतानाच हातात द्यावं. शाळेतसुद्धा नापास केल्यावर कुठे चुकलं ते दाखवावं लागतं.

मी १९८१ साली लुना घेतली. कायनेटिकची, आपल्या पुण्याच्या फिरोदियांची. ती १९७२ साली बाजारात आली होती. कोथरूडहून सदाशिव पेठेत शाळेला मी वर्षानुवर्षं तिच्यावर गेले. तिला पायडल होतं. इंजिन रुसलं की पायडल मारत, धापा टाकत का होईना, घरी पोचता यायचं. बजाजची स्कूटर रुसली की घरोघरचे पुरुष तिला आडवी कलती करायचे, मग किक. तो उपाय कुठल्या वर्गात शिकवत नव्हते, पण गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होता. यंत्राबरोबर यंत्राचं पायडलही समाजात फिरत होतं. आजच्या गाडीलाही पायडल आहे हो, ते नखाएवढं झाकण म्हणजे पायडलच. फक्त ते कुठे आहे हे कोणी सांगत नाही.

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी शोरूममध्ये लाल रिबन होती, पेढे होते, फोटो होता, टाळ्यासुद्धा वाजवल्या. गाणी कशी लावायची हे वीस मिनिटं दाखवलं. किल्लीचा सेल मेला तर काय, ह्याला एक मिनिट नाही.

"पुस्तक दिलंय की!" दिलंय. वीटेएवढं, इंग्रजीत. तेवढं इंग्रजी मला येतं, आणि मी ते वाचलं नव्हतं ही माझी चूक, ती पदरात घेते. पण त्या ड्रायव्हरनं काय करायचं? रात्रंदिवस गाडी चालवणारा तो, पुस्तक लिहिलंय दुसऱ्याच कोणासाठी. "यूट्यूबवर सगळं असतं." दोन मजले जमिनीखाली रेंज नसताना? "कॉल सेंटर आहे." त्यालाही रेंजच लागते.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. आता गाडीच्या कप्प्यात तिला एका पानाची जागा मिळावी, एवढीच मागणी. ही मेहेरबानीही नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट म्हटलंय, की वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार. आणि इजा काय फक्त हाडांना होते? किल्ली काढून हातात घेतली म्हणजे इंजिन बंद, ही आपली पिढ्यांची खूण होती. बटन आल्यावर ती खूण गेली. अमेरिकेत गॅरेजमध्ये गाडी चालूच राहिल्यामुळे विषारी वायूनं २००६ पासून २८ माणसं गेल्याचं न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ मध्ये छापलं. त्यात बरेच जण वयस्कर होते. तेही सगळे 'न समजलेले ग्राहक'च म्हणायचे का?

असो. कंपनी देईल तेव्हा देईल. मी माझं पान लिहून गाडीत ठेवलंय. तुम्हीही उतरवून घ्या:

१. बटन दाबूनही काही होत नसेल आणि किल्ली सापडत नाही असं गाडी म्हणत असेल, तर किल्लीचा सेल संपलाय. किल्लीच बटनाला टेकवून ब्रेक दाबा (काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते). आतल्या चिपला सेल लागत नाही. दार उघडायला डबीत लोखंडी किल्ली असते. किल्ली मोबाईलला चिकटवून ठेवू नका.

२. दिवे मंद किंवा बंद असतील तर मोठी बॅटरी उतरलीय. दुसऱ्या गाडीवरून केबल लावा. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही.

३. दिवे ठीक, पण "ब्रेक दाबा" म्हणते? मागे कोणाला तरी उभं करा. लाल दिवे लागतात का बघा. नसतील लागत तर स्विच किंवा फ्यूज. ही गाडी रस्त्यावर नेऊ नका. आणि इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाचदा दाबला की पेडल दगडासारखं होतं, मग जोर लावून दाबावं लागतं. तो पायाचा दोष नव्हे!

४. स्टिअरिंग अडकलं असेल तर ते हलकेच डावी-उजवीकडे हलवत बटन दाबा.

५. दांडा अडकला तर आधी हँडब्रेक, मग झाकण. चढ-उतारावर तर हँडब्रेकशिवाय हात लावू नका.

चिरंजिवांना भिंतीचा व्हिडिओ पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोन आला, "आई, सॉरी." ड्रायव्हरचा विषय त्यानं काढला नाही. कधीतरी काढेल आणि तेव्हा कदाचित त्याचं बरोबरही असेल. माझा पाय खरंच थकेल तेव्हा मी आपण होऊन किल्ली ठेवीन. पण ते माझा पाय आणि माझे डॉक्टर ठरवतील, स्विच नाही.

नातेवाईक मंडळींनो, आज संध्याकाळी खाली जा आणि आपापल्या गाडीतलं ते झाकण शोधा. सापडलं की मला कळवा. नाही सापडलं तर जरूर कळवा. आणि हो, भिंतीकडे पाठ करून एकदा ब्रेक दाबून बघा.