धूर, वायू आणि भाईंची पुतणी

परवा जुम्म्याच्या नमाजनंतर ओळखीच्या एका भाईंनी मोबाईल पुढे केला. दूरच्या एका दीर्घिकेतून वायू बाहेर फेकला जातोय, अशी बातमी. खाली ओळ : हे तर कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच आलंय. सूरह हा-मीम सज्दात आकाश धुराच्या अवस्थेत असल्याचा उल्लेख आहे, त्यावरून. भाई म्हणाले, "सर, हे वर्गात सांगा."

मी सांगणार नाही.

बातमी २०२४ ची आहे. जेम्स वेब दुर्बिणीने पाहिलेली ही दीर्घिका विश्व साधारण दोन अब्ज वर्षांचं असतानाची. तिच्या मध्यावरच्या महाकाय कृष्णविवराच्या जोराने वायू सेकंदाला सुमारे १००० किलोमीटर वेगाने बाहेर जातो. तारे वायूपासूनच बनतात; वायू गेला की नवे तारे थांबतात. यातला थंड वायू स्वतः चमकत नाही. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश तो अडवतो, त्यावरून तो ओळखला.

असंच काम आपल्या महाराष्ट्रातही झालंय. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांच्या आधारे पुण्याच्या एनसीआरएतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र केले आणि आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. बाहेरून भर पडली नसती, तर तो साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता, असं निघालं.

आता सांगा, 'धूर' या शब्दावरून यातला एक तरी आकडा आपण आधी काढला होता का? शोध दुसऱ्यांनी लावायचा आणि आपण मागाहून आयत चिकटवायची! उद्या नव्या दुर्बिणीने हे आकडे बदलले, तर काय म्हणणार? आयत चुकली? अल्लाहचं कलाम वर्तमानपत्राच्या कात्रणाला बांधणं मला तरी बेअदबी वाटते. प्राचीन काळी विमानं होती म्हणणाऱ्या शेजाऱ्याला आपण हसतो. मग आपण वेगळं काय करतो?

अब्दुर्रहमान अस-सूफींनी इ.स. ९६४ च्या ग्रंथात देवयानीतला छोटा ढग नोंदवला. आज ती दीर्घिका असल्याचं आपण जाणतो. टॉलेमीची जुनी ताऱ्यांची यादी त्यांनी तशीच मान्य केली नाही. स्वतः आकाश पाहून दुरुस्त केली. आपला वारसा हा आहे.

आणि भाई, रागावू नका. तुमची पुतणी माझी विद्यार्थिनी. दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळाले, तरी पोरगी घरी बसली आहे. का, तर विज्ञानाचं कॉलेज वर्ध्याला, एस.टी.ने तासभर. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट मिळतो. वर्गात काय सांगायचं ते मी बघतो. तुम्ही आधी तिचा प्रवेश अर्ज भरा.