विचित्र खेळी आली तर

स्पर्धा खेळणाऱ्या हौशी मंडळींना आणि मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना एक विनंती आहे: ओपनिंगच्या खेळ्या पाठ करणे जरा कमी करा आणि प्याद्यांची ठेवण ओळखायला शिका. समोरच्याने पुस्तक सोडले की पाठांतर संपते, आणि आपल्या पातळीवर तो पाचव्या-सहाव्या खेळीलाच सोडतो.

फ्रेंच बचाव आणि कारो-कान घ्या. पांढऱ्याने ई५ रेटले की दोन्हींत काळ्याचा रोख डी४ वरच्या प्याद्यावर असतो, कारण ई५ ला आधार त्याचाच. म्हणून काळा सी५ करतो. फरक उंटाचा. फ्रेंचमध्ये काळ्याचा वजिराकडचा उंट स्वतःच्याच ई६ च्या प्याद्यामागे कोंडतो. कारो-कानमध्ये तो आधी एफ५ वर निघतो, मात्र सी५ गाठायला त्या प्याद्याला दोन खेळ्या लागतात. एवढे उमगले की पुढच्या बऱ्याच खेळ्या आपसूक सुचतात.

आता अनपेक्षित बचाव. १९८० साली स्वीडनमधल्या स्कारा येथे युरोपीय सांघिक स्पर्धेत जगज्जेत्या कार्पोव्हच्या ई४ ला इंग्लंडच्या टोनी माइल्सने ए६ असे उत्तर दिले. कोपऱ्यातले प्यादे, एक घर! कार्पोव्ह तो डाव हरला. पण सहा खेळ्यांनंतरचा पट मांडून पाहा: काळ्याची प्यादी ए६, बी५, सी५, ई६ वर, उंट बी७ वर. सिसिलियन खेळणाऱ्याला ही मांडणी रोजची आहे, फक्त खेळ्यांचा क्रम निराळा.

म्हणून अशी खेळी आली की पहिल्यांदा घड्याळातली दोन-तीन मिनिटे खुशाल खर्च करा. तिच्यात धमकी आहे का? तिने कोणते घर सोडले? धमकी नसेल तर मध्य धरा, घोडे-उंट बाहेर काढा, किल्लेकोट करा. समोरच्याला धडा शिकवायच्या घाईत तिसऱ्या खेळीला वजीर काढणारे आपल्याकडे फार आहेत, आणि पुढे त्याच वजिराला पळवण्यात त्यांचा वेळ जातो.

घरची तयारी समोर आली तरी दबू नका. १९१८ मध्ये न्यूयॉर्कला मार्शलने रुय लोपेझमध्ये प्यादे देऊन कापाब्लांकाच्या राजावर हल्ला चढवला. कापाब्लांकाने प्यादे घेतले, पटावर बसूनच बचाव शोधला आणि डाव जिंकला. (तो हल्ला काही खोटा ठरला नाही, आजही मोठे खेळाडू तो टाळतात.)

घरी गेल्यावर इंजिन उघडण्याआधी दहाव्या खेळीचा पट वहीत काढा, फक्त प्यादी. तशी ठेवण आधी कोणत्या डावात आली होती, ते मागची पाने चाळून शोधा आणि दोन्ही डावांत घोडे कुठे बसले होते, ते ताडून पाहा.