कूलर आत कोण ठेवणार?

गेल्या वीकेंडला बार्शीटाकळीला जाऊन आलो. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने अकोला, आणि तिथून पुढे अर्धा-पाऊण तास. ना कोणाचं लग्न होतं, ना सणवार. टीममध्ये शुक्रवारची सुट्टी मागताना कारण विचारलं तर खरं ते सांगून टाकलं, "घरचा कूलर आत ठेवायचाय." सगळे हसले. मॅनेजरला बहुतेक वाटलं की मी इंटरव्ह्यूला चाललोय. :-)

हसण्यासारखं आहेच म्हणा. पण मामला तसा साधा नाही. सांगतो.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एकच गोष्ट. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा अकोला जिल्हा प्रशासनाने उन्हापायी चक्क कलम १४४ लावलं होतं, ३१ मेपर्यंत. दंगल नाही, काही नाही, नुसतं ऊन! अशा ठिकाणी कूलर ही चैन नसते. मार्च संपला की प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो पत्र्याचा डबा उभा राहतो. त्यातलं विज्ञानही झकास आहे. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि खोली थंड होते. दीड टनाच्या एसीला दीडेक हजार वॉट लागतात, कूलरचं दोनशेच्या आसपास भागतं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवरही चालतो.

पण ह्याच विज्ञानामुळे मृग लागला आणि हवेत ओल आली की कूलर एकदम निकामी होतो. कालपर्यंत जीव की प्राण, आज अडगळ. मग तो तिथेच राहतो. वर एखादी ताडपत्री टाकली की झालं. आत ओल्या ताट्या, टाकीत चार बोटं पाणी, आणि भर पावसात लोंबणारी वायर.

मागच्या वर्षी आमच्या घरी हेच झालं. दरवर्षी हे काम बाबा करायचे. कधी करायचे, कसं करायचे, मला पत्ता नाही, कारण मी नेहमी मे महिन्यात जाणार, आठ दिवस कूलरसमोर लोळणार, आंबे खाणार आणि पाऊस पडायच्या आत पुण्याला परत. मागच्या वर्षी बाबांची पाठ धरली होती. मी निघताना आई म्हणाली होती, "बाबू, तू तं चालला पुण्याले. थो कूलर कोन काहाडन आता?" मी म्हटलं, ठेवू की, घाई काय आहे. आणि गाडीत बसलो.

ह्या एप्रिलमध्ये आईने तोच कूलर सुरू केला. पावसाळाभर वायर भिजलेली, हिवाळ्यात उंदरांनी कुरतडलेली. पाणी भरताना पत्र्याला हात लागला आणि तिला शॉक बसला. फेकली गेली म्हणून वाचली. दोन दिवस हात बधिर होता. हे तिने मला फोनवर सांगितलंच नाही, महिनाभराने शेजारच्या काकूंकडून कळलं.

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. आपण वाचतो, 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. बातमी एप्रिल-मेची असते. पण माझं म्हणणं असं की पुष्कळदा तो अपघात आदल्या जूनमध्येच घडून गेलेला असतो. ज्या दिवशी कूलर नीट आत गेला नाही, त्या दिवशी.

आपल्या धंद्यात हे आपल्याला पक्कं माहीत असतं. नवीन सर्व्हर लावायला दहाजण धावतात. जुना बंद करायचा म्हटलं की सगळे बिझी. मग तो कुठेतरी चालू राहतो आणि दोन वर्षांनी त्यातूनच कोणीतरी आत घुसतं. घरातही तसंच. उन्हाळ्याचं सामान बाहेर काढायला उत्साह असतो, आत ठेवणं हे कोणाच्याच नावावर नसलेलं काम असतं. म्हंजे खरं तर ते घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या नावावर असतं, फक्त कोणी तसं बोलत नाही.

तर ह्या वेळी मी केलं. बाबा बाजेवर बसून सूचना देत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा निमूटपणे ऐकत होतो. काय केलं ते लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल.

आधी प्लग काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग टाकी रिकामी केली आणि आतून ब्रशने खसखसून घासली. हे महत्त्वाचं! डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणजे पाणी ओतून देणं पुरेसं नाही, घासायलाच हवं. ताट्या फेकून दिल्या, लाकडाच्या भुशाच्या होत्या आणि उंदरांना घरटं करायला ह्याहून चांगली जागा नाही. जाळ्यांवर क्षारांचा पांढरा थर होता, तो व्हिनेगरने काढला. (जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात तर हा थर फारच लवकर धरतो.) पंप साध्या पाण्यात फिरवून, वाळवून, वायर गुंडाळून पिशवीत. टाकीला गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड. आणि मग शेजारच्या पोराला घेऊन सगळं धूड मागच्या खोलीत, विटांवर.

कुरतडलेली वायर बदलली, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासलं (नव्हतंच!) आणि ३० मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी बसवला. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. ह्या सगळ्याला एक दिवस गेला. खर्च आपल्या दोन वीकेंडच्या हॉटेलबिलाएवढा.

मग जोर चढला म्हणून गच्चीवरची बाजही खाली आणली. मच्छरदाणी धुऊन वाळवली. माठ साबण न लावता घासला, दोन दिवस खडखडीत वाळवून पालथा ठेवला. ओला झाकून ठेवला की कुबट वास धरतो तो जात नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या फ्लॅटमध्ये कुठला आलाय कूलर? बरोबर. पण मे महिन्यात कोकणात नेलेला तंबू, चटई, पोहायचे गॉगल, आइसबॉक्स हे आत्ता कुठे आहे? माझं सांगतो, पलंगाखाली, गुहागरच्या वाळूसकट. तंबू ओला गुंडाळला की आतला थर चिकट होऊन सुटायला लागतो. खारं पाणी चेनला खातं. गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं, मग घडी. तत्त्व तेच, फक्त तिथे फार तर दोन-तीन हजारांचं नुकसान होतं. गावाकडच्या कूलरमध्ये आई असते.

"मग आईबाबांना एसी घेऊन दे ना," असं एक मित्र म्हणाला. घेईनही. पण पैसे पाठवून जे होतं ते आपण करतोच. हातांनी करायचं जे आहे ते राहून जातं. दिवाळीला आपण हक्काने सुट्टी टाकतो. माझं म्हणणं एवढंच की जूनमध्येही एक शुक्रवार टाका. ज्या घरची गार हवा मे महिन्यात खाल्ली, तिथलं आवरायलाही आपणच जायचं.

असो. निघताना आई म्हणाली, "पुढच्या वर्साले काहाडालेही तूच येजो."

मार्चच्या शेवटच्या शनिवारचं तिकीट अजून निघत नाही. कॅलेंडरमध्ये मात्र टाकून ठेवलंय.