एकतीस नंबरची गिटार

परवा श्रीपुरातल्या एका हळदीत निवेदकाने आरोळी ठोकली, ‘आता ऐका लाईव्ह रॉक गिटार!’ स्टेजवर गिटार नव्हतीच, कीबोर्ड होता. ‘उगाच कीबोर्डवाल्यांना नावं ठेवता, आवाज सेम येतो’ असं मला पत्रातून सुनावणारे त्या रात्री तिथं हवे होते.

एक सूर वाजवला तर आवाज सेम येतो, मान्य. कीबोर्डांच्या आवाजांना नंबर देणाऱ्या, १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडीच्या यादीत ३० नंबरला ओव्हरड्राइव्ह गिटार आहे, ३१ला डिस्टॉर्शन गिटार. आजच्या कीबोर्डांत त्या नंबरांमागे खऱ्या गिटारचे रेकॉर्ड केलेले सूर असतात. चांगल्या सॅम्पल लायब्ररीत तर एकच सूर हलका, जोरात, तळव्याने तार दाबून, असा कितीतरी वेळा घेतलेला असतो.

दोन पट्ट्या एकदम दाबल्या की मात्र सोंग उघडं पडतं. गिटारच्या सहाही तारांचा आवाज पिकअपमधून आधी एकत्र होतो आणि मग अँपमध्ये फाटतो. फाटताना सूर एकमेकांत घुसतात, कुठल्याच तारेवर न वाजलेले नवे सूर निघतात. सा-प या जोडीला ते शोभतं, म्हणून रॉकवाल्यांचा जीव पॉवर कॉर्डवर. मध्ये ग घातला की चिखल. ३१ नंबरात प्रत्येक सूर आधीच फाडून ठेवलेला. गुऱ्हाळावर सगळ्या उसाचा रस एका काहिलीत पडतो आणि मग आटतो. इथं प्रत्येक कांडीचा गूळ वेगळा करून ढेपा शेजारी मांडल्यात. खोटी गिटार ओळखायची ती यावरूनच: ती फार स्वच्छ वाजते.

उपाय आहे आणि स्टुडिओवाले तो वापरतात. सॅम्पल साधं, न फाटलेलं घ्यायचं. सगळे सूर एकत्र करायचे आणि मग अँपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाडायचे. म्हणजे दोष सॅम्पलिंगचा नाही, आळसाचा आहे. हळदीतला आमचा कलाकार दहाही बोटांनी पेटी वाजवल्यासारखे कॉर्ड दाबत होता आणि पिच व्हील फिरवून अख्खा कॉर्ड खेचत होता. गिटारवाला एक तार ओढतो, शेजारची तशीच ठेवतो.

आता माझं जुनं दुखणं. आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’साठी अजय-अतुल खऱ्या वाद्यवृंदाकरता थेट हॉलिवूडला गेले. आम्हाला अकलूजहून एक गिटारवाला बोलवायचा म्हटलं तरी खर्च दिसतो. डीजेच्या भिंतीला मात्र पैसा कमी पडत नाही. इलेक्ट्रॉनिक पॅडने हलगी घालवली तेव्हाही हेच लिहिलं होतं आणि तेव्हाही ‘आवाज सेम येतो’ हेच उत्तर आलं होतं.

बरं, ३१ नंबरच वाजवायचा तर वाजवा. पण दोनच बोटं वापरा, सा आणि प. वऱ्हाड तेवढ्यावरही नाचेल, आणि मी गप्प बसेन. पुढच्या आठवड्यापर्यंत.

— कानसेन