हुतात्मा चौक आणि न झालेली चौकशी

मुंबईच्या फोर्ट विभागात, १८६४ सालच्या फ्लोरा फाउंटनशेजारी, रहदारीच्या अखंड कल्लोळात हाती मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. दरसाल १ मे आणि २१ नोव्हेंबर या दोन दिवशी मंत्रिमंडळ तेथे पुष्पचक्रे वाहते. ज्या खात्याच्या गोळ्यांनी ही माणसे मारली, त्याच खात्याच्या बंदोबस्तात हा सोहळा पार पडतो आणि ती विसंगती कोणाला खटकत नाही, इतके हे स्मारक आता सरकारी झाले आहे.

वस्तुतः ते रणांगणावरील स्मारक होय. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, मुंबई महाराष्ट्रापासून तोडणाऱ्या त्रिराज्य योजनेच्या निषेधार्थ गिरण्या बंद ठेवून कामगार विधानसभेच्या दिशेने निघाले. फ्लोरा फाउंटनपाशी त्यांना अडवण्यात आले. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. त्या दिवशी गोळीबारात १५ माणसे पडली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यानंतरचा आठवडाभर गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत जे घडले ते याहून भयंकर होते. परळला हा अनुभव नवा नव्हता. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा देणाऱ्या याच वस्तीत कमल दोंदे लष्कराच्या गोळीने मृत्यू पावल्या होत्या. फरक एवढाच की, या वेळी बंदूक स्वकीय सरकारची होती.

चौकात आज हुतात्म्यांचा गौरव होतो. परंतु त्यांचा आकडा कोणी १०५ सांगतो, कोणी १०६, कोणी १०७. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली असती तर निदान एवढा प्रश्न उरला नसता. ती मागणी तेव्हाच झाली होती आणि ती केवळ रस्त्यावरून झाली नव्हती. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला, त्यामागे मुंबईचा प्रश्न होता आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेल्याचे शल्यही होते. जालियनवाला बागेनंतर परक्या सरकारलासुद्धा हंटर समिती नेमावी लागली होती. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला तेवढीही गरज भासली नाही.

समाजवादी चळवळीला हा प्रश्न परका नाही. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणु पिळ्ळै यांच्या, म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाच्याच सरकारने निःशस्त्र जमावावर गोळीबार केला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया यांनी आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा अशी मागणी केली. पक्षाने ती मानली नाही. १९५५ अखेर पक्ष फुटला, त्याच्या मुळाशी जे वाद होते त्यांत हाही एक होता. म्हणजे फ्लोरा फाउंटनवर रक्त सांडले त्याच सुमारास स्वतंत्र देशात सरकारने आपल्या नागरिकांवर गोळी चालवावी काय, यावर समाजवादी आपसांत भांडत होते. ते भांडण फुकाचे नव्हते. पुढे १९७७ मध्ये मोरारजीभाई पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात मधू दंडवते होते, जॉर्ज फर्नांडिस होते. ज्या एस. एम. जोशींनी संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेतृत्व केले तेही जनता पक्षातच होते. आणीबाणीतून सुटलेल्या देशापुढे प्रश्न मोठे होते, हे खरेच. तरीही त्या दोन वर्षांत १९५६ ची चौकशी झाली नाही, ही नोंद पुसता येणार नाही. काँग्रेसला जाब विचारताना कार्यकर्त्यांनी ती लपवूही नये.

पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीतील एका भिंतीशी मे १८७१ मध्ये कम्यूनच्या १४७ शिपायांना उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. १८८० पासून कामगार मिरवणुकीने त्या भिंतीपाशी जातात. त्यासाठी त्यांना कोणा मंत्र्याच्या निमंत्रणाची गरज पडली नाही. मुंबईत मात्र उलटे झाले. मोर्चा आझाद मैदानाच्या कुंपणात कोंडला गेला आणि हुतात्मा चौकात कामगाराचा फक्त पुतळा राहिला. ९ ऑगस्ट २०२३ रोजी ऑगस्ट क्रांतीच्या स्मृतिदिनाला निघालेल्या तुषार गांधींना पोलिसांनी ताब्यात घेतले. तेव्हा स्मारके कोणाची, हा वाद केवळ इतिहासाचा राहत नाही.

जानेवारी १९५६ मध्ये ज्यांच्या दाराशी गोळ्या सुटल्या, त्या लालबाग-परळच्या माणसांचे पुढे काय झाले? १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि बहुतेकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीला १९९१ च्या नियमावलीने वाट दिली. २००१ च्या दुरुस्तीने ती वाट आणखी रुंद झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. घरांसाठी दीड लाखांहून अधिक कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले. घर मिळालेले त्यातले थोडेच. उरलेल्यांना आता नेरळकडील शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातो. जे मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून झुंजले, त्यांच्या नातवंडांना मुंबईबाहेर काढण्याची ही योजना आहे आणि तीही हुतात्म्यांना वंदन करणाऱ्या सरकारांचीच.

राज्याचे पुराभिलेखागार काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. हुतात्मा चौकातून तेथे पायी जाण्यास फार वेळ लागत नाही. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधील गोळीबाराचे हुकूम, पोलीस ठाण्यांच्या नोंदी, रुग्णालयांचे मृत्यूचे दाखले आणि गृहखात्याचा पत्रव्यवहार यांपैकी जे जे उपलब्ध असेल ते शासनाने एकत्र करून छापावे आणि जे नष्ट झाले असेल ते कोणाच्या आज्ञेने, हेही सांगावे. ही मागणी विधिमंडळात मांडली गेली पाहिजे. येत्या २१ नोव्हेंबरला पुष्पचक्र वाहणाऱ्या प्रत्येक मंत्र्याच्या हाती तिचे निवेदन चौकातच देणे, एवढे काम गिरगाव ते लालबागच्या शाखांना सहज करता येण्याजोगे आहे.